चित्रासमोर दहा मिनिटं

प्रश्न: आमच्या इथल्या संग्रहालयात वरच्या मजल्यावर आधुनिक चित्रांचं दालन आहे. शेजारच्या दालनात सध्या छायाचित्रांचं प्रदर्शन लागलंय, ते महिनाभरच आहे. मी दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात बाहेर पडले. चित्रं बघताना वाटत राहतं, की यात काहीतरी आहे आणि ते फक्त मलाच दिसत नाहीये. एका मोठ्या चित्राचं तर नावच ‘शीर्षकहीन’. छायाचित्रांचं उलटं होतं. ती बघताक्षणी कळतात आणि मग पुढे करायचं काय, ते कळत नाही. मोबाइलवर रोज शेकड्यांनी फोटो दिसतात, मग हे भिंतीवर कशाला? त्यात दालनात इतका अंधार, की लेबल वाचता येत नाही. सोळा वर्षांची लेक सोबत असते. ती भराभर सगळ्याचे फोटो काढते आणि म्हणते, ‘झालं, चल.’ मला हे मनापासून आवडायला हवं आहे. आधी काही वाचून जाऊ का?
– एक वाचक

उत्तर:

‘फक्त मलाच दिसत नाहीये’ हे वाक्य आधी खोडून टाका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नावाजलेल्या चित्रांसमोर लोक किती वेळ थांबतात, याची मोजणी झाली होती. २००१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सरासरी निघाली सुमारे २७ सेकंद, आणि निम्म्या वेळा तर प्रेक्षक १७ सेकंदांच्या आत पुढे सरकला होता. एवढ्या वेळात डोळा फक्त ओळखीचं टिपतो: चेहरा, घोडा, समुद्र. अमूर्त चित्रात ओळखीचं काही नसतं. मग डोळा अडखळतो आणि मन स्वतःलाच दोष देतं. छायाचित्रात सगळंच ओळखीचं असतं, त्यामुळे १७ सेकंदांत काम संपल्यासारखं वाटतं. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

आमचं सांगणं असं, की ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. त्याआधी ‘हे बनवलं कसं?’ ते बघा. भिंतीवरचं चित्र असो की छायाचित्र, ती कुणीतरी घडवलेली, लांबी-रुंदी असलेली, उजेडात चमकणारी किंवा उजेड पिऊन टाकणारी वस्तू आहे. तिची प्रतिमा घरबसल्या पडद्यावर मिळते. वस्तू मात्र फक्त संग्रहालयात भेटते, आणि तिथवर जाण्याचं कारण तेवढंच आणि पुरेसं आहे.

म्हणून आधी वाचून जाऊ नका. वाचून गेलं, की वाचलेलं शोधण्यात वेळ जातो. नंतर जरूर वाचा, तेव्हा ते कितीतरी जास्त कळेल.

वेळ सव्वा तास ठरवा, त्याहून जास्त नको. १९१६ मध्ये बेंजामिन गिलमन यांनी संग्रहालयातल्या थकव्यावर एक लेख लिहिला होता. नीट बघण्यासाठी वाकणाऱ्या, ओणव्या होणाऱ्या माणसाची छायाचित्रंच त्यात छापली होती. थांबत थांबत उभं राहणं हे सलग चालण्यापेक्षा पायांना आणि कमरेला जड जातं आणि लक्षही त्याच वेगाने आटतं. पहिली दहा मिनिटं कुठेही न थांबता, काहीही न वाचता दोन्ही दालनांतून एक चक्कर मारा. या चक्करेत तीन कलाकृती निवडायच्या, आणि त्यातली एक तरी अशी असावी जिचा राग आला. रागावणं म्हणजे डोळ्याला काहीतरी लागलं आहे, ते कुठे लागलं ते शोधता येतं. मग प्रत्येकीसमोर दहा मिनिटं. बाकीच्या भिंती तशाच सोडून द्यायच्या. हे जमवणं सगळ्यात कठीण आहे, कारण सगळं बघितलं नाही तर काहीतरी बुडालं असं वाटतं. काही बुडत नाही. बाक नसेल तर चौकशीच्या खिडकीपाशी घडीचं स्टूल मागा. पुष्कळ संग्रहालयं ते ठेवतात, पण मागितल्याशिवाय देत नाहीत.

आता त्या दहा मिनिटांत करायचं काय? चित्रापासून सुरुवात करू.

पहिलं मिनिट लांबून. चित्राच्या कर्णाच्या दुप्पट अंतरावर उभं राहिलं, की सबंध चित्र मान न वळवता नजरेत मावतं. डोळे किंचित मिटून बघा. बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि गडद-उजळ भागांची मांडणी तेवढी उरते. वजन कुठे आहे, वर की खाली? नजर आत कुठून शिरते आणि कुठे अडते? मग पुढे या, हातभर अंतरापर्यंत. मार्क रॉथको आपली प्रचंड मोठी रंगचित्रं सुमारे १८ इंचांवरून बघावीत असं सांगत. इतक्या जवळून कडा नजरेबाहेर जातात आणि प्रेक्षक रंगाच्या आत उभा राहतो. अर्थात जमिनीवर रेषा आखली असेल किंवा दोरी बांधली असेल तर तिच्या अलीकडेच थांबायचं.

तिसरी जागा बहुतेकजण विसरतात, ती म्हणजे बाजू. भिंतीला जवळजवळ समांतर नजर टाका. तिरप्या उजेडात रंगाचे उंचवटे, खरवडल्याच्या खुणा, ब्रशची दिशा हे सगळं वर येतं. मोंद्रियानच्या काळ्या रेषांच्या चित्रांतला पांढरा रंग छापील प्रतीत सपाट दिसतो. प्रत्यक्षात त्या पांढऱ्या चौकोनांत ब्रशचे फटकारे कुठे आडवे आहेत, कुठे उभे, आणि काही रेषा कॅनव्हासच्या काठापर्यंत न जाता आधीच थांबतात. मालेविचच्या १९१५ च्या काळ्या चौकोनाचंही तेच. पुस्तकात तो नुसता काळा ठोकळा असतो. मूळ चित्रात रंगाला तडे गेले आहेत, तड्यांतून खालच्या जुन्या चित्राचे रंग डोकावतात आणि चौकोनाच्या बाजू काटेकोर समांतर नाहीत. कुणीतरी हाताने काढलेला चौकोन आहे तो.

आता तुमचं ‘शीर्षकहीन’. हे कोडं नाही आणि आळसही नाही. शीर्षक दिलं, की प्रेक्षक चित्र सोडून शब्दाच्या मागे लागतो. ‘संध्याकाळ’ म्हटलं, की सूर्य शोधणार. नाव न देणारा चित्रकार ती पळवाट बंद करतो. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांची कितीतरी चित्रं शीर्षकहीन आहेत. त्यांना ‘अमूर्त’ हा शब्दही मान्य नव्हता, कारण एखाद्या मूर्त वस्तूवरून ते काही काढत नव्हते. ते रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या बोथट पात्याने) रंग चढवत, काढत, पुन्हा चढवत, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी करत. असं चित्र समोर आलं तर एकच काम करा: थर मोजा. सगळ्यात वरचा रंग कुठला? तो कुठे पातळ झालाय आणि खालून काय दिसतंय? खालचा रंग मुद्दाम उघडा ठेवलाय, की वरचा खरवडून काढलाय? खरवडलेल्या जागेला धार असते, पातळ लावलेल्या रंगाची कड विरत जाते. चार-पाच मिनिटांनी त्या चित्रात खोली दिसू लागते, आणि ती खोली भ्रम नसते. रंग खरोखरच एकावर एक आहेत.

लेबल बघायचं ते या सगळ्यानंतर. कलावंताचं नाव, वर्ष, माध्यम, माप, कुणी दिलं किंवा कसं मिळालं आणि नोंदणी क्रमांक असा त्यात साधारण मजकूर असतो. मापात उंची आधी लिहितात, रुंदी नंतर. सगळ्यात कामाची ओळ माध्यमाची. तैलरंग हवेशी संयोग होऊन सावकाश वाळतात, अनेकदा काही दिवस घेतात. त्यामुळे ओल्यावर ओला रंग मिसळता येतो, कडा मऊ होतात. ॲक्रिलिकमधलं पाणी उडालं, की रंग बसलाच, त्याला मिनिटं लागतात. म्हणून पट्टी चिकटवून काढलेल्या धारदार कडा आणि एकसारखे सपाट रंग ॲक्रिलिकमध्ये सोपे जातात. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग चित्रकारांसाठी १९५० च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आले आणि १९६० नंतरच्या चित्रांचा चेहराच बदलला. माध्यमाची ओळ वाचून पुन्हा चित्राकडे बघा. हे परत बघणं टाळलं तर लेबल वाचून काही उपयोग नाही.

काही वस्तू अशा असतील ज्या कलावंताने घडवलेल्याच नाहीत. मार्सेल द्युशाँने १९१७ मध्ये एक तयार मूत्रपात्र, म्हणजे मुतारीतलं भांडं, प्रदर्शनासाठी पाठवलं. मूळ पात्र हरवलं. आज संग्रहालयांत दिसतात त्यांतल्या बहुतेक प्रती १९६४ मध्ये त्याच्या संमतीने केलेल्या आहेत. तिथे ‘बनवलं कसं?’च्या जागी ‘बदललं काय?’ असं विचारा. ते पात्र पाठीवर आडवं ठेवलंय, त्यावर खोटी सही आहे, नळाला जोडलेलं नाही. वस्तू तीच, पण तिचा वापर काढून घेतलाय. हे पटलं नाही तरी चालेल. नेमकं काय पटलं नाही हे सांगता आलं, की बघणं झालं.

छायाचित्रांकडे वळण्याआधी अंधाराचं बोलू, कारण तो तुमच्या तक्रारीत आहे आणि त्याला कारण आहे. छायाचित्रं आणि कागदावरची चित्रं साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेडात ठेवतात. तैलचित्रांना २०० लक्सच्या आसपास चालतो. उजेडाने रंगद्रव्यं उडतात, कागद पिवळा पडतो. हे नुकसान साठत जातं आणि परत भरून येत नाही. म्हणूनच छायाचित्रांची प्रदर्शनं सहसा काही आठवडे किंवा तीन-चार महिनेच असतात. नंतर ती छायाचित्रं बराच काळ अंधारात विसावतात. बाहेरच्या उन्हातून थेट आत आलात तर डोळ्यांना सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि मध्येच फोनचा पडदा उजळला, की सराव मोडतो. आधी चित्रांच्या दालनातून चक्कर मारली तर हा वेळ आपोआप निघून जातो.

काचेतलं प्रतिबिंब ही दुसरी अडचण. काचेत उजळ कपडे स्पष्ट दिसतात, म्हणून त्या दिवशी गडद रंगाचा पोशाख करा. फरक लगेच जाणवेल. तरीही चमक आली तर अर्धं पाऊल बाजूला सरका. चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर जवळचं वाचायचा भाग भिंगाच्या तळाशी असतो आणि लेबल वाचायला हनुवटी वर करावी लागते. वाचायचा साधा चष्मा सोबत ठेवलात तर मान वाचेल. मोठ्या अक्षरातली लेबलं छापलेली पुस्तिका आहे का, तेही विचारा.

आता ‘बघताक्षणी कळतात’ याबद्दल. बघताक्षणी कळतो तो विषय: म्हातारी बाई, रस्ता, पाऊस. छायाचित्र त्याच्या पुढे सुरू होतं. बोट न लावता, फक्त नजरेने चौकटीच्या चारही कडांवरून फिरा. कडेवर काय कापलं गेलंय? कुणाचा हात अर्धाच आहे? छायाचित्रकाराने डोळ्यापुढच्या सबंध जगातून एवढाच आयत उचलला, आणि कड म्हणजे त्याने घेतलेला निर्णय. ऑन्री कार्तिए-ब्रेसाँचं १९३२ चं पॅरिसच्या सँ-लझार स्थानकामागचं छायाचित्र बघा. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय, टाच अजून पाण्याला टेकलेली नाही. मागच्या भिंतीवरच्या पोस्टरवर एक नर्तिका तशीच झेपावते आहे आणि पाण्यात सगळ्याचं उलटं प्रतिबिंब आहे. कार्तिए-ब्रेसाँ सहसा चौकट कापू देत नसत. हे छायाचित्र मात्र कापलेलं आहे, कारण ते कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून घेतलं होतं आणि एका बाजूला फळी आडवी आली होती. उडी मारणारा माणूस १७ सेकंदांत दिसतो. पोस्टर दिसायला दोन मिनिटं लागतात.

कडांनंतर कॅमेरा शोधा. तो किती उंचीवर होता, माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत की गुडघ्याशी? छायाचित्रकाराला जवळ जावं लागलं असेल की लांबून घेतलं असेल? सावल्या कुठे पडल्यात, त्यावरून उजेड कुठून येतोय ते काढा. मग काय सुस्पष्ट आहे आणि काय हललंय, ते बघा. हललेल्या भागात वेळ साठलेला असतो. हिरोशी सुगिमोतो यांनी चित्रपटगृहांची छायाचित्रं काढताना पूर्ण चित्रपट संपेपर्यंत शटर उघडं ठेवलं. हजारो दृश्यांचा उजेड एकावर एक पडून पडदा कोरा पांढरा झाला, आणि त्याच उजेडात आजूबाजूच्या भिंतींवरची नक्षी उजळली. कोरा पडदा म्हणजे अख्खा चित्रपट, हे लेबल न वाचताही हळूहळू उमगू शकतं.

मोबाइलच्या प्रश्नाचं उत्तर मापात आहे. सिंडी शर्मन यांची १९७७ ते १९८० दरम्यानची छायाचित्रं, जुन्या सिनेमातल्या नायिकांच्या वेशात स्वतःचीच काढलेली, जेमतेम ८ बाय १० इंचांची आहेत. सिनेमाच्या जाहिरातीचे फोटो याच मापाचे असत, म्हणून तिथे वाकून, एकट्याने, जवळून बघावं लागतं. आंद्रेआस गुर्स्कीचं १९९९ चं ऱ्हाइन नदीचं छायाचित्र तीन मीटरहून रुंद आहे. त्याच्यासमोर माणूस नदीकाठी उभा राहतो. मागची इमारत संगणकावर काढून टाकलेली आहे, म्हणून ते इतकं निर्मनुष्य आहे. फोनवर ही दोन्ही छायाचित्रं अंगठ्याएवढी, एकाच मापाची दिसतात. मोबाइलवर तुम्ही बघता ते विषय. माप, कागद आणि काळ्या रंगाची खोली तिथे पोहोचतच नाही.

कागदाकडे लक्ष द्या. विसाव्या शतकातली बहुतेक कृष्णधवल छायाचित्रं जिलेटिन सिल्व्हर प्रिंट असतात. त्यांत चांदीचे कण जिलेटिनच्या थरात असतात, म्हणून काळा रंग खोल आणि किंचित ओला वाटतो. जुन्या प्रिंटच्या गडद भागात कडेला आरशासारखी निळसर चमक दिसली तर ती वर आलेली चांदी. प्लॅटिनम प्रिंटमध्ये प्रतिमा थेट कागदाच्या धाग्यांत असते, चकाकी अजिबात नाही, राखाडी छटा मखमली. एकोणिसाव्या शतकातल्या अल्ब्युमेन प्रिंटमध्ये अंड्याचा पांढरा बलक असतो आणि तो काळाने पिवळसर तपकिरी होतो. एकदा हे ओळखू आलं, की दालनात शिरल्या शिरल्या नजर वेगळी होते.

लेबलवर दोन वर्षं दिसली तर पहिलं छायाचित्र टिपल्याचं आणि दुसरं प्रिंट केल्याचं. हा फरक किरकोळ नसतो. ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला आणि पुढे कित्येक वर्षं त्याच निगेटिव्हवरून प्रिंट काढत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळ राखाडी आहे, ढगांच्या पुसट रेघा आहेत. नंतरच्यांत ते जवळजवळ काळं झालं. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल, असं ते म्हणत. ‘३/१०’ असा आकडा दिसला तर दहा प्रतींपैकी तिसरी.

छायाचित्रं ओळीने लावलेली असतील तर एकटं छायाचित्र बघून पुढे जाऊ नका, शेजारीही बघा. बर्न्ड आणि हिला बेखर यांनी पाण्याच्या टाक्या दशकानुदशकं ढगाळ उजेडात, समोरून, एकाच पद्धतीने टिपल्या आणि जाळीसारख्या ओळी करून मांडल्या. एक टाकी कंटाळवाणी वाटते. नऊ टाक्या शेजारी आल्या, की त्यांच्यातले फरक बोलू लागतात.

माणसांच्या छायाचित्रांपुढे आणखी एक प्रश्न जरूर विचारा: हेच का निवडलं? डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात स्थलांतरित आईची अनेक छायाचित्रं घेतली, जगाने लक्षात ठेवलं ते एक. खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर एक अंगठा होता, तो नंतर निगेटिव्हवरून पुसला गेला. कागदोपत्री नोंदीसाठी काढलेल्या छायाचित्रातही अशी निवड आणि डागडुजी असते, आणि ती दिसू लागली, की त्या आईकडे बघण्यात आपलीही जबाबदारी वाढते.

दोन्ही दालनांना जोडणारं नाव हवं असेल तर नसरीन मोहमदी (१९३७–१९९०). कागदावर शाई आणि पेन्सिलीने काढलेल्या अतिशय बारीक, मोजून आखलेल्या रेषा ही त्यांची ओळख. त्या छायाचित्रंही काढत, पण हयातीत ती त्यांनी प्रदर्शनात मांडली नाहीत. त्यांत फरशा, सावल्या, लाटांच्या कडा यांच्या तिरप्या रेषा आहेत. छायाचित्रांत चौकटीची कड बघायला शिकलेला डोळा घेऊन तुमच्या ‘शीर्षकहीन’ चित्राकडे परत जा. तिथेही विचारता येईल: हा रंग काठापाशी का थांबला?

सोबत खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल न्या. पेन बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारण शाईचा डाग निघत नाही. दहापैकी तीन मिनिटं काडेपेटीएवढं चित्र काढण्यात घालवा. ते चांगलं यायची गरज नाही. काढताना कळतं, की मधला आकार मधोमध नव्हताच. पाठीवरची पिशवी जमा करा किंवा पोटाशी धरा, वळताना तीच कलाकृतीला लागते. बोट कुठेच लावू नका. बोटाच्या तेलकटपणाने मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या रंगावर कायमचा चकाकता डाग पडतो, ॲक्रिलिकचा थर मऊ असल्याने त्यात धूळ रुतते आणि प्रिंटवरचा ठसा काही वर्षांनी डाग होऊन वर येतो.

राहिली लेक. तिला फोन बंद कर म्हणू नका. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिंडा हेंकेल यांच्या प्रयोगात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढले, त्या वस्तू लोकांना नंतर कमी आठवल्या. पण एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला तर आठवण तशी घसरली नाही. म्हणून तिच्याशी ठरवा: एका कलाकृतीचा एकच फोटो, तोही दोन मिनिटं बघून झाल्यावर, आणि फक्त एका तपशिलाचा. फ्लॅश बंद, आणि दाराशी फोटोची परवानगी विचारून. तिने काढलेला तपशील तुम्हाला दाखवायचा आणि तो चित्रात कुठे आहे ते तुम्ही शोधायचं. मग एकदा उलट. तीनपैकी एक कलाकृती तिची असू द्या, तिला आवडली ती, तुम्हाला आवडो वा न आवडो.

छायाचित्रं महिनाभरच आहेत म्हणालात, म्हणून या खेपेला दोन छायाचित्रं आणि एक चित्र असं वाटून घ्या. सुट्टीची दुपार टाळा, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी उघडल्या उघडल्या पोहोचा, तेव्हा बाक रिकामे असतात आणि मागे कुणी खोळंबलेलं नसतं. ते मोठं ‘शीर्षकहीन’ दालनातच राहणार आहे, त्याच्याकडे पुढच्या महिन्यात पुन्हा जाता येईल. तोवर वहीत एवढंच लिहून ठेवा, की सगळ्यात खालचा थर कुठल्या रंगाचा होता.